हातावर चिकाचा डाग नसलेला मुलगा

तुमच्या कादंबरीबद्दल तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सतरा वर्षांची सानिका बारावीची परीक्षा झाल्यावर पुण्यातल्या एका कॅफेत रात्रपाळी करते. काउंटरवर तिच्या जोडीला आर्यन नावाचा मुलगा आहे. गोरापान, हात बर्फासारखे गार, काही खात-पीत नाही, आरशासमोर जात नाही, फार बोलत नाही. सानिका त्याच्या प्रेमात पडते आणि पंधराव्या प्रकरणात कळतं की तो जिवंतच नाही. ज्यांना हस्तलिखित वाचायला दिलं त्या सगळ्यांनी तिसऱ्या प्रकरणातच ओळखलं. एका मैत्रिणीने तर "डब केलेल्या सिनेमासारखं वाटतं" असं सांगितलं. तर रहस्य टिकवायचं कसं आणि कथा आपल्याकडची वाटावी कशी?

मी गेली बावीस वर्षं दिवाळी अंकांसाठी भयकथा निवडतो आणि किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांचं संपादन करतो. दर उन्हाळ्यात असे तीन-चार आर्यन माझ्या टेबलावर येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मैत्रिणीचं बरोबर आहे. गोरा रंग, गार हात, आरसा, रात्र ही सगळी रक्तपिपासूची लक्षणं आहेत आणि ती तिकडची आहेत. आपल्याकडच्या भुताला आरशाचं वावडं नसतं. त्याचे पाय उलटे असतात, सावली पडत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचं काहीतरी राहून गेलेलं असतं. बाळंतपणात गेली ती अलवंतीण, जमीनजुमल्यात जीव अडकला तो समंध, पाण्यातला तो गिऱ्हा. कोकणातल्या भुतांची मोठी यादी 1915 साली छापून निघालेली आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी ती माहिती शाळामास्तरांकडून गोळा केली होती. 1909 मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी त्यांना नाशकात गोळ्या घातल्या, आणि त्यांचे कागद पुढे एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केले. पुस्तक इंग्रजीत आहे, पण नोंदींखाली अमुक गावचा शाळामास्तर असा हवाला असतो. एकेका मास्तराने आपल्या गावातली भुतं हजेरीपटासारखी मांडलेली पाहून मला दरवेळी गंमत वाटते. ती यादी वाचा. तुमचा मुलगा त्यात बसलेला आहे: मुंजा.

मुंज झाली, पण सोडमुंज आणि लग्न व्हायच्या आत जो गेला तो मुंजा. तो पिंपळावर राहतो. (वडावर नाही. एकदा माझ्या नजरेतून वडावरचा मुंजा सुटला आणि छापून आला, तर सांगलीकडच्या एका वाचकाने पोस्टकार्डावर चार ओळींत माझी शोभा केली होती.) लग्नाचं राहून गेलेला मुलगा म्हटल्यावर प्रेमकथेचा निम्मा भाग आयताच मिळतो. त्याला मुलीकडून काय हवंय हे वाचकाला सांगत बसावं लागत नाही, आणि तेच भीतीदायकही आहे. तुमच्या आर्यनला नेमकं काय हवंय, हे तीनशे पानांत मला सापडलं नाही.

आता कामाच्या जागेकडे येतो, कारण माझ्या मते खरी चूक तिथे आहे. कॅफे बदलून तुम्ही वाचनालय केलं किंवा जिम केली तरी तुमच्या हस्तलिखितातलं एक वाक्यही बदलावं लागणार नाही. दोघं काम करतायत असं म्हटलंय, पण कुणी काही काम करताना दिसत नाही. बरोबर काम करणारी माणसं एकमेकांना डोळ्यांत बघून ओळखत नाहीत. हाताने ओळखतात. कोण गाठ कशी मारतो, कोणाचा डबा किती वाजता उघडतो, कोण उचल मागतो, कोण हजेरी लागण्याआधी दोन मिनिटं धापा टाकत येतो. सहकारी गूढ असेल तर त्याचं गूढ कामातच सांडलं पाहिजे. डोळ्यांत ठेवाल तर तिसऱ्या प्रकरणात सापडेल.

शिवाय रात्रपाळीचं एक साधं लफडं आहे. सानिका सतराची आहे. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत कामावर ठेवता येत नाही. दिवसाचं कामही मधली सुट्टी धरून सहा तासांच्या वर जाता कामा नये. 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यातल्या या अटी किशोरवयीनांना लागू आहेत. म्हणजे तुमचा कॅफेमालक पहिल्याच पानावर गुन्हेगार ठरतो आणि कादंबरीला त्याची कल्पनाच नाही. मी हे वकिली करायला सांगत नाही. ही अट तुमच्या फायद्याची आहे. सातच्या आत सानिका घरी, म्हणजे तुमचं भूत दिवसा वावरणार. आणि आपल्याकडे भुताची वेळ फक्त मध्यरात्र कुठे आहे? भर दुपारी बारा वाजता पिंपळाखाली जाऊ नये, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून फिरू नये, हे आपण आजीकडून ऐकलेलंच असतं. टळटळीत उन्हातलं भूत लिहा. ते कुणी तिसऱ्या प्रकरणात ओळखत नाही.

जागा कोणती? मला विचाराल तर रत्नागिरीजवळची आंब्याची शेड. बारावीची परीक्षा संपते आणि हापूसचा हंगाम भरात येतो. सानिका पुण्याची असली तरी चालेल. आजोळ कोकणात आहे, आजी वर्षानुवर्षं याच शेडमध्ये आंबे भरत आली आहे, आणि मेमध्ये चार पैसे मिळतील म्हणून नातही जाऊ लागते. मी स्वतः सतराव्या वर्षी एक अख्खा मे महिना अशा शेडमध्ये काढलाय. (मुकादमाने शेवटच्या चार दिवसांचा रोज बुडवला. ते येणं अजून बाकी आहे.) तिथलं काम मला माहीत आहे, म्हणून त्याच्याच भाषेत सांगतो.

आंबा झेल्याने, म्हणजे लांब काठीला बांधलेल्या जाळीने उतरवतात, देठासकट. देठ मुळातून तुटला की चीक उडतो. आंब्यावर पडला तर साल डागाळते, माणसाच्या कातडीवर पडला तर भाजतं आणि काळा डाग राहतो. हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यात शेडमधल्या प्रत्येकाच्या हातावर असे डाग असतात. नवखा कोण आणि जुना कोण हे मी डाग मोजून सांगू शकत असे. मग आंबे पिकायला भाताच्या पेंढ्यात आढी घालून, म्हणजे थर रचून ठेवायचे. आठ-दहा दिवसांनी आढी उघडली की जो वास येतो तो लिहायला तुम्हाला स्वतःलाच तिथे जावं लागेल, माझ्याने सांगवत नाही. मग आकाराप्रमाणे निवडायचे: पाच डझनी पेटीचा आंबा वेगळा, सहा डझनीचा वेगळा. आणि हापूसला एक रोग असतो, साका. बाहेरून फळ अगदी देखणं, डाग नाही, सुरकुती नाही. कापलं की कोयीलगतचा गर पांढरट, भुसभुशीत, आंबूस. न कापता तो ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आता तुमचं पहिलं भेटीचं प्रकरण घ्या. आर्यनचे "गूढ, खोल डोळे" काढून टाका. नावही बदला. दत्तू म्हणा, ते शंभर वर्षांपूर्वी होतं आणि आजही ऐकून कुणी वळून बघणार नाही. मी असं लिहीन:

दुपारचे बारा. पत्रे तापून मधूनच टण्णकन वाजत होते. बाया जेवायला बाहेर झाडाखाली गेल्या होत्या. सानिका आढीसमोर बसून पेंढा उपसत होती. तिने निवडून ठेवलेला एक आंबा दत्तूने उचलला, तळहातावर तोलला आणि पेटीत न ठेवता जमिनीवर ठेवला.

"तो का काढलास? एक डाग नाहीये त्याच्यावर."

"साका आहे."

"बाहेरून कळतं?"

"नाही कळत."

तिने सुरीने आंबा उभा चिरला. वरचा गर केशरी. कोयीजवळ मात्र कुणी भिजलेला कापूस भरून ठेवावा तसा. तिने दुसरा दिला. तो त्याने पेटीत ठेवला. तिसरा जमिनीवर. तिने तिसराही चिरला आणि सुरी खाली ठेवली.

"हा बघ," तिने चौथा पुढे केला.

"हा चांगला आहे. हा तू खा."

आंबा परत देताना त्याचे हात दिसले. तिच्या मनगटावर आठ दिवसांत चिकाचे तीन काळे डाग उठले होते. आजीचे तर कोपरापर्यंत होते. त्याचे हात नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखे.

"नवीन आहेस का रे कामाला?"

"नाही," तो म्हणाला. "बरीच वर्षं झाली."

एवढंच. गार स्पर्श नाही, वाऱ्याची झुळूक नाही, कुत्रं रडलेलं नाही. वाचकाला हातांची नोंद मिळाली, पण मनात राहील तो साका. मुलगा हुशार आहे, कामात तरबेज आहे, असं समजून तो पुढे जाईल. सानिकाही तशीच पुढे जाते. कामात तरबेज मुलगा आवडणं हे सतराव्या वर्षी फार खरं असतं, निळ्या डोळ्यांपेक्षा कितीतरी.

मग खुणा पेरत जा, पण प्रत्येक खूण कामाच्या हिशेबात पडू दे. शेडमध्ये दहा माणसं, चहाचे ग्लास रोज नऊच येतात. कुणी तक्रार करत नाही. सानिकाला वाटतं, हॉटेलवाला चुकतो. मुकादम हजेरी घेतो तेव्हा दत्तूचं नाव पुकारत नाही. तिला वाटतं, मालकाच्या नात्यातला असेल, त्याला हजेरी कशाला. भरलेल्या पेट्या रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत न्यायच्या असतात, तो पिंपळाच्या पारापाशी पेटी खाली ठेवतो आणि तिथून पुढे दुसरं कुणीतरी उचलतं. तिला वाटतं, दमतो बिचारा. तिन्ही वेळा तिच्याकडे बरं कारण आहे. खूण लपवायची नसते, तिला दुसरं कारण पुरवायचं असतं. हस्तलिखितात तुम्ही उलट केलंय. आर्यन खात नाही, आणि का खात नाही याचं कुठलंच दुसरं कारण वाचकाला दिलेलं नाही. मग तो ओळखणारच.

माझी सगळ्यात आवडती खूण भाषेतली आहे. सगळे विचारतात, "ट्रक किती वाजता?" तो एकदा विचारतो, "आज बोट लागणार का?" रत्नागिरीचा माणूस मुंबईला बोटीने जायचा, तेव्हाचा हा मुलगा. सानिकाला वाटतं तो मळमळण्याबद्दल बोलतोय, कारण बोट लागणे म्हणजे तेही. दोघं हसतात. हे हसू पुढे दोनशे पानांनी वाचकाच्या अंगावर काटा आणेल. पण अशी चूक एकदाच. तीनदा केलीत तर तो विनोदी भूत होईल.

आता तो कधीचा? इथे गणित नीट करा, कारण मुंजाबाबत सगळे घसरतात. मुंज आठव्या वर्षी होत असे, त्यामुळे लोककथेतला मुंजा बरेचदा लहान पोर असतो. तसला तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला सतरा वर्षांचा, मुंज झालेला, पण लग्न न झालेला मुलगा पाहिजे, आणि शंभर वर्षांपूर्वी ते ठरलेलं लग्न का अडलं याला कारण लागेल. कारण इतिहासात तयार आहे. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा 1929 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला. मुलीला किमान चौदा आणि मुलाला अठरा वर्षं. कायदा लागू व्हायच्या आत लग्नं उरकायची देशभर घाई झाली होती. दत्तूचे वडील सरकारी नोकरीत, शाळामास्तर किंवा कारकून, भित्रे आणि नियमाचे. त्यांचा मुहूर्त एप्रिलच्या आत निघाला नाही. "एक वर्ष कळ काढू" असं ठरलं. मेमध्ये ताप आला आणि चार दिवसांत मुलगा गेला. एका चांगल्या कायद्यामुळे मुंजा झालेला मुलगा! त्याच्या मनात या कायद्याबद्दल काय असेल, आणि सानिका, जिला त्याच कायद्याच्या नातवंडांमुळे शिकायला मिळालं, ती त्याला काय सांगेल? हा संवाद तुमच्या कादंबरीत दुसऱ्या कुणालाही लिहिता येणार नाही असा होईल.

आणि 1930 घेतलंत की खाण्यापिण्याची खूणही नव्याने उभी राहते. दत्तू चहा घेत नाही. वाचकाला आधी वाटेल लाजतो, मग वाटेल भूत आहे म्हणून. खरं कारण तिसरंच आहे. तो सोवळ्याओवळ्यात वाढलेला मुलगा आहे आणि शेडमधल्या बायकांच्या हातचं पाणी तो घेत नाही. सानिकाच्या हातचंही नाही. 1931 मध्ये रत्नागिरीत सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. हा त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात गेला, गावात त्यावरून वाद चालू असताना. मेलेला आहे हा या प्रेमातला अडथळाच नाही, असं करून बघा. तो 1930 चा आहे हा अडथळा आहे. सानिकाला हे कळतं तेव्हा तिला भीती वाटू नये, तिला संताप यावा. आजी इतकी वर्षं जिथे राबली तिथे हा शंभर वर्षं बसून आमच्या ग्लासाला हात लावत नव्हता! मग ज्या दिवशी तो तिच्या हातातला अर्धा चहा घेतो, तो तुमच्या कादंबरीतला प्रेमाचा प्रसंग. तिथे ग्लास लिहा, ग्लासाच्या काठावरची साय लिहा. बाकी काही लिहू नका.

स्पर्शाबद्दल एवढंच: तुमच्या अकराव्या प्रकरणातला प्रसंग काढा. नायिका अठराच्या आतली आहे, कायदा तिथे संमती मानतच नाही, आणि वाचणारीही त्याच वयाची आहेत. कथेलाही त्याची गरज नाही. दुसरा मुद्दा वयाच्या फरकाचा. वाचणाऱ्या मुली आता हा प्रश्न विचारतातच: एकशेदहा वर्षांचा माणूस सतराच्या मुलीच्या मागे कसा? त्याचं उत्तर असं की दत्तू शंभर वर्षं जगलेला नाही, तो सतरालाच अडकलेला आहे. त्याला तिच्यापेक्षा जास्त काही कळत असेल तर फक्त आंब्यातलं. जुना शहाणपणा पाजळायला लावलात की तो मुलीला फसवणारा म्हातारा होईल.

मांत्रिकाचं प्रकरण तर अख्खं उडवा. तो तिला धूर देतो, केस धरतो आणि ते सगळं कथेला मान्य असल्यासारखं लिहिलंय. 2013 पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि अशा मारहाणीला शिक्षा आहे. मांत्रिक दाखवायचाच तर खलनायक म्हणून दाखवा. पण मला विचाराल तर त्याची गरज नाही, कारण दत्तूला सोडवायचा मार्ग त्याच्याच संस्कारात आहे.

तो असा. सोडमुंजीत मुलगा ब्रह्मचर्य संपवतो, आणि त्यात एक गमतीचा भाग असतो. तो छत्री, काठी घेऊन निघतो: मी आता काशीला चाललो. मग मामा आडवा येतो, जाऊ नकोस, तुला माझी मुलगी देतो म्हणतो, आणि मुलगा परत फिरतो. घरातली माणसं हसतात, फोटो काढतात. दत्तूला कुणी काशीला निघूच दिलं नाही. म्हणजे सोडवण्यासाठी होम नको, धूर नको. त्याला निघायचंय आणि कुणीतरी अडवायचंय, की संपलं. पण तुमच्या कथेत अडवणारा मामा कुठून आणणार? अडवू शकणारी एकच व्यक्ती आहे. आणि तिने "थांब" म्हटलं तर वचन दिल्यासारखं होईल. मग तो पारावरून हलणार नाही, आणि तीही.

म्हणून एक कारागिरी करा. पहिल्या पानापासून सानिकाच्या तोंडी "थांब" हा शब्द येऊ देऊ नका. एकदाही नाही. आपण तो दिवसातून पन्नासदा वापरतो, त्यामुळे हे वाटतं तितकं सोपं नाही. "एक मिनिट", "अरे ऐक", काहीही वापरा. वाचकाला कळणार नाही, पण कानाला काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहील. मग शेवटचं प्रकरण पहिल्या पावसाच्या दिवशी लिहा. हंगाम संपलेला, शेड झाडून घेतलेली, पेंढा गुरांसाठी नेलेला, आजी मुकादमाकडून हिशेब घेतेय. दत्तू पारापाशी उभा आहे. आजवर त्याने त्या पाराच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. तो म्हणतो, "मी काशीला निघालो."

तो सांगितल्यासारखं म्हणतो, पण उत्तराची वाट बघत उभा राहतो. पाऊस वाढतो. शब्द तिच्या जिभेवर आहे, तीनशे पानं तुम्ही तो तिला दिलेला नाही.

तिने आजीची छत्री उघडून त्याच्या हातात द्यावी. आणि त्या संध्याकाळी शेडमध्ये चहा येतो तेव्हा सानिकाने सवयीने ग्लास मोजावेत. माणसं नऊ. ग्लास दहा.